चार पिढ्यांचा गळा

मेरेडिथ मंक यांच्या घरात गळा हाच पोटापाण्याचा धंदा होता. पणजोबा रशियात सिनेगॉगमध्ये प्रार्थना गायचे. आजोबा जोसेफ झेलमन भरदार खर्जाचे गायक. अमेरिकेत आल्यावर त्यांनी पियानोवादक पत्नीच्या साथीने न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात संगीतशाळा काढली. आई ऑड्री मार्श रेडिओवर गायची. टीव्ही घरोघरी पोहोचण्यापूर्वीचा तो काळ. जाहिरातीसुद्धा थेट प्रक्षेपणात गायल्या जात. ऑड्री मार्श कधी साबणाची महती गात, कधी सिगारची, आणि लहानगी मेरेडिथ स्टुडिओत बसून ते सगळं बघत असे.

पणजोबांच्या गाण्यामागे धर्म होता, आजोबांच्या गाण्यामागे मैफल आणि शाळा, आईच्या गाण्यामागे जाहिरातदार. चौथ्या पिढीने गाण्यातून शब्दच काढून टाकले. गेली साठ वर्षं मंक गातात, गाणं बसवतात, नाचतात, चित्रपट करतात. पण त्यांच्या बहुतेक रचनांत कळणाऱ्या भाषेतला शब्द शोधूनच काढावा लागतो. आ, ऊ, न्या, ही, घशातली खरखर, कुजबुज, हुंदक्यासारखा तुटणारा स्वर, म्हातारीची कुरकुर, पोराची किंकाळी यांवर अख्खं नाट्य उभं राहतं. नोमतोम आणि तराणा ऐकत वाढलेल्या मराठी श्रोत्याला शब्दांवाचून गाणं अपरिचित वाटणार नाही. पाश्चात्त्य संगीतात मात्र गायकाच्या हातात शतकानुशतकं दोन कागद असत, एक शब्दांचा आणि एक स्वरलिपीचा. मंक यांनी पहिला कागद चटकन सोडला. दुसऱ्याशी त्यांची झटापट आजही सुरू आहे, आणि त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यांत रंजक भाग तोच आहे.

20 नोव्हेंबर 1942 हा त्यांचा जन्मदिवस. दोन्ही डोळ्यांची नजर एकत्र जुळत नसल्याने लहानपणी तोल सांभाळणं, अंतराचा अंदाज घेणं जड जाई. आईने तिला डालक्रोझ पद्धतीच्या वर्गात घातलं. एमिल जाक-डालक्रोझ या स्वित्झर्लंडच्या संगीतशिक्षकाने बसवलेली ही पद्धत. तीत मुलं ताल टाळीने मोजत बसत नाहीत, तो चालून, उड्या मारून, हात हलवून अंगात मुरवतात. बाकीची मुलं तिथे अंगाच्या हालचालीतून संगीत शिकत. संगीत आधीपासूनच येणारी मेरेडिथ उलट्या बाजूने शरीर शिकली. पुढे सारा लॉरेन्स कॉलेजात तिने गायन आणि नृत्य दोन्ही केलं. 1964 मध्ये पदवी घेऊन ती न्यूयॉर्कला परतली, ती थेट शहराच्या दक्षिण टोकाकडच्या भागात. तिथल्या लोकांच्या भाषेत, डाउनटाउनला.

या डाउनटाउनबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मंक यांची कला त्या जागांनीच घडवली. दक्षिण मॅनहॅटनमधले कारखाने आणि गोदामं बंद पडत चालली होती. ओतीव लोखंडी खांबांच्या जुन्या इमारतींचे मजलेच्या मजले रिकामे पडले होते. वर रॉबर्ट मोझेस या बलाढ्य अधिकाऱ्याने तिथून महामार्ग नेण्याचा घाट घातलेला. जो भाग पाडायचाच, त्यात पैसा कोण घालणार? भाडी पडली आणि चित्रकार, नर्तक, वादक त्या उंच छताच्या हॉलमध्ये राहायला आले. गाद्या, चुली, पियानो, सगळं एकाच खोलीत, आणि तेही बेकायदा. महामार्गाचा बेत 1969 मध्ये बारगळला, 1971 मध्ये पालिकेने सोहो भागात कलावंतांच्या राहण्याला मान्यता दिली. तोवर तिथे एक अख्खी पिढी घडून गेली होती.

याच परिसरात वॉशिंग्टन स्क्वेअरजवळ जडसन मेमोरियल चर्च आहे. तिथल्या मोकळ्या विचारांच्या धर्मगुरूंनी आपली जागा कलावंतांना खुली केली होती. 6 जुलै 1962 रोजी तरुण नर्तकांनी तिथे केलेल्या कार्यक्रमातून ‘जडसन डान्स थिएटर’ जन्माला आलं. साधं चालणं, बसणं, खुर्ची उचलणं हेही नृत्य, अशी त्यांची भूमिका. मंक आल्या तेव्हा ही लाट ओसरू लागली होती. चर्चची जागा आणि काहीही करून बघण्याची मुभा मात्र शिल्लक होती.

1965 च्या सुमाराची गोष्ट. पियानोपाशी बसून रोजचा रियाज करताना मंक यांना एकाएकी जाणवलं, की आवाजही नर्तकाच्या कण्यासारखा वाकवता येईल. एकाच गळ्यात बाई, पुरुष, पोर, म्हातारी, जनावर, यंत्र हे सगळं राहू शकतं. पुढे असंख्य मुलाखतींत त्यांनी हा क्षण सांगितला आहे. नर्तक आपल्या शरीरातून स्वतःच्या हालचाली शोधतो, तशी त्यांनी आपल्या गळ्यातून स्वतःची गायकी शोधायला घेतली. शिकवायला कुणी नव्हतं. आजोबांच्या शाळेत या गाण्याचा वर्ग नव्हता.

अर्थात गळ्याला आडवळणाने नेणाऱ्या त्या पहिल्याच होत्या असं नाही. रचनाकार अर्नोल्ड शोएनबर्ग यांनी 1912 मध्ये बोलणं आणि गाणं यांच्या सीमेवरचा आवाज वापरला होता. कुर्ट श्विटर्स या जर्मन चित्रकाराने निव्वळ निरर्थक ध्वनींची लांबलचक सोनाटा रचली. आल्फ्रेड वोल्फसोन पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत जखमी सैनिकांच्या किंकाळ्या ऐकून आले आणि माणसाचा आवाज जातो तरी कुठवर, याचा जन्मभर शोध घेत राहिले. युरोपात कॅथी बर्बेरियन ही अमेरिकन गायिका लुचानो बेरियो यांच्या रचना गात होती; 1966 मध्ये तिने ‘स्ट्रिप्सडी’ नावाची, कॉमिक पुस्तकांतल्या आवाजांवर बेतलेली स्वतःची रचना केली. फरक असा की यांतले बरेचसे गायक दुसऱ्याने लिहिलेल्या कागदाला आवाज देत होते. मंक यांच्याकडे रचनाकार आणि गळा एकच होते. गाणं गळ्यातच जन्मायचं आणि मुक्कामही गळ्यातच करायचं.

1966 मध्ये जडसन चर्चमध्ये त्यांनी ‘16 मिलिमीटर इअररिंग्ज’ केलं. एकटी बाई रंगमंचावर गिटार घेऊन इंग्लंडचं एक जुनं लोकगीत गाते, भोवती ध्वनिफितींवर तिचेच आवाज फिरत राहतात. मध्येच ती डोक्यावर कागदाचा पांढरा घुमट चढवते आणि त्याच्यावर सिनेमाच्या प्रोजेक्टरमधून तिचाच चेहरा पडतो. गाणं, सिनेमा, नृत्य, वस्तू यांना वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायचं नाही, हा बेत इथे पक्का झाला. 1968 मध्ये त्यांनी ‘द हाउस’ ही संस्था काढली.

पुढच्या वर्षी ‘ज्यूस’ आलं. तीन अंकांचं नाटक असतं, तसं हे तीन जागांचं. पहिला भाग गुगनहाइम संग्रहालयात झाला. फ्रँक लॉइड राइटने बांधलेल्या त्या इमारतीत गोल फिरत वर जाणारा उतार आहे, मध्ये पोकळी आहे. 85 जणांचा ताफा मोर्चंग वाजवत, गात त्या उतारावर पसरला आणि अख्खी इमारत वाद्यासारखी घुमू लागली. काही आठवड्यांनी दुसरा भाग एका कॉलेजच्या नाट्यगृहात झाला. तिसरा मंक यांच्या राहत्या जागेत. तिथे एकही कलाकार हजर नव्हता. आधीच्या भागांतले कपडे आणि वस्तू मांडून ठेवलेल्या, आणि पडद्यावर कलाकारांचे चेहरे बोलत होते. दुरून पाहिलेली माणसं अखेरीस अगदी जवळून दिसायची, तीही प्रत्यक्ष नसताना. 1971 मधल्या ‘व्हेसल’मध्ये त्यांनी जोन ऑफ आर्कची कथा घेतली. प्रेक्षक त्यांच्या घरी जमले, तिथून वूस्टर स्ट्रीटवरच्या एका गॅरेजमधल्या नाट्यगृहात गेले आणि शेवट त्याच रस्त्यावरच्या गाड्या उभ्या करायच्या मोकळ्या जागेत झाला. शहरातल्या जागा स्वस्त होत्या, म्हणून हे जमलं. आज त्याच गल्ल्यांत महागडी दुकानं आहेत.

त्याच वर्षांत न्यूयॉर्कच्या या भागात हिंदुस्तानी गाणंही येऊन पोहोचलं होतं. किराणा घराण्याचे पंडित प्राण नाथ, अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य, 1970 मध्ये तिथे गेले. ला मॉन्टे यंग आणि टेरी रायली या अमेरिकन रचनाकारांनी त्यांचं शिष्यत्व पत्करलं. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांमुळे ज्या घराण्याचं नाव महाराष्ट्रात घरचं झालं, त्याचा षड्ज आता डाउनटाउनमध्येही लागत होता. मंक यांची वाट निराळी होती. त्यांनी कोणत्याही परंपरेची तालीम आपल्या गाण्याला जोडली नाही. तरी लांबवलेला एक स्वर धरून त्याच्या पोटात शिरायचं, ही त्या काळाची हवा होती, आणि ती त्यांनाही लागली.

‘अवर लेडी ऑफ लेट’ ही त्यांची 1972-73 ची रचना याचा उत्तम दाखला आहे. साहित्य दोनच: एक गळा आणि पाणी घातलेला काचेचा पेला. ओलं बोट पेल्याच्या काठावरून गोल फिरवलं की काच गुणगुणू लागते. पाण्याची पातळी कमी-जास्त केली की स्वर बदलतो. हा झाला आधारस्वर. त्यावर मंक छोटे छोटे तुकडे गातात आणि प्रत्येक तुकड्यात आवाजाची एकच करामत तपासतात. एकात नाकातून येणारा चिरका स्वर, दुसऱ्यात घशाच्या झडपेवर तोडलेला, तिसऱ्यात श्वासात बुडालेला. कधी गळा काचेच्या स्वराशी इतका जुळतो की दोन्ही वेगळे ओळखू येत नाहीत. कधी तो किंचित खाली सरकतो आणि दोन स्वरांच्या घर्षणातून हवेत कंप उठतो. तंबोरा लावताना ज्यांनी हा कंप ऐकला आहे, त्यांना इथे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

या रचनेच्या ध्वनिमुद्रणात तालवाद्यं वाजवली कॉलिन वॉलकॉट यांनी. पंडित रविशंकरांकडे सतार आणि उस्ताद अल्लारखाँकडे तबला शिकलेला हा अमेरिकन वादक. जर्मनीतल्या ‘ईसीएम’ या ध्वनिमुद्रण कंपनीचे मानफ्रेड आयशर यांच्याशी मंक यांची गाठ वॉलकॉट यांनीच घालून दिली. 1981 मध्ये ‘डोल्मेन म्युझिक’ ही तबकडी निघाली आणि मंक डाउनटाउनबाहेरच्या जगाला ठाऊक झाल्या. वॉलकॉट 1984 मध्ये पूर्व जर्मनीत रस्त्यावरच्या अपघातात गेले. ईसीएमशी जडलेलं नातं मात्र टिकलं. 2022 मध्ये मंक 80 वर्षांच्या झाल्या तेव्हा कंपनीने त्यांच्या तबकड्यांचा 13 सीडींचा संच काढला.

‘डोल्मेन म्युझिक’मागे फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातली एक जागा आहे. तिथे नवाश्मयुगात प्रचंड शिळा उभ्या-आडव्या रचून केलेली दालनं, म्हणजेच डोल्मेन, आहेत. ती पाहून मंक यांनी सहा गळ्यांसाठी ही रचना बांधली: तीन बायका, तीन पुरुष, जोडीला सेलो आणि तालवाद्य. वाजवणारे वेगळे आणले नाहीत. गाणाऱ्यांपैकीच एकाच्या हातात सेलो. बायकांचे गळे एकमेकांच्या पाठोपाठ येतात, पुरुष खालून खर्ज धरतात, मध्येच सगळे मिळून काहीतरी वाद घालत असल्यासारखे बडबडतात. भाषा कुठलीच नाही, पण भांडण कळतं, मनधरणी कळते, विधी चालला आहे हेही कळतं. या गायकांत ज्युलियस ईस्टमनही होते. या कृष्णवर्णीय रचनाकाराचं स्वतःचं संगीत हयातीत दुर्लक्षित राहिलं, आणि आज जगभर वाजतं आहे.

आता कागदाची गोष्ट. मंक तालमीला लिहिलेली स्वरलिपी घेऊन येत नसत. त्या गायच्या, गायकांनी उचलायचं. मग गायकाच्या गळ्यात काय शोभतं ते पाहून रचना बदलायची. अमुक जागा अमुक गायिकेच्या आवाजासाठी म्हणून जन्माला यायची. 1990 च्या ‘फेसिंग नॉर्थ’मधला एक तुकडा बघा. मंक आणि गायक रॉबर्ट ईन समोरासमोर उभे. चाल एकच, पण ती एकटं कुणी गात नाही. पहिला स्वर हिचा, दुसरा त्याचा, तिसरा पुन्हा हिचा. स्वर चेंडूसारखे इकडून तिकडे जातात, लय वाढत जाते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेतच कुणीतरी गातं आहे. युरोपात मध्ययुगापासून ही युक्ती ठाऊक आहे. कागदावर ती मांडणं सोपं. पण कागद बघून गाता येत नाही, कारण डोळे समोरच्या माणसाच्या श्वासावर असावे लागतात.

मोठ्या संस्थांना मात्र कागद लागतो. ह्यूस्टन ग्रँड ऑपेराने त्यांच्याकडून ‘ॲटलस’ हा तीन अंकी ऑपेरा करून घेतला आणि फेब्रुवारी 1991 मध्ये तो रंगमंचावर आला. तिबेटपर्यंत पायपीट केलेल्या अलेक्झांड्रा डेव्हिड-नील या फ्रेंच प्रवासिनीच्या आयुष्यावरून सुचलेली ही कथा. नायिकेची तीन वयं तीन जणींनी केली. मधलं वय स्वतः मंक यांनी. ऑपेराच्या तालमी साधारणपणे छापील प्रतीवरून ठराविक दिवसांत उरकतात. इथे उलटा क्रम. गायक आधी निवडले गेले, त्यांच्याबरोबर कार्यशाळा झाल्या, त्यांतून संगीत उमललं, आणि लेखन मागाहून झालं. जवळजवळ शब्दच नसलेल्या या ऑपेरात घर सोडणाऱ्या मुलीची आणि आईबापांची ताटातूट निव्वळ स्वरांवर कळते. शेवटच्या अंकातला आध्यात्मिक प्रकाश मात्र काहीसा भाबडा वाटतो. जगाची दुःखं एकत्र गाऊन हलकी होतील, हा त्यांचा विश्वास काही रचनांना उजळवतो, काहींना पातळ करतो. 1976 च्या ‘क्वारी’मध्ये तसं झालं नव्हतं. तिथे मध्यभागी आजारी मुलगी अंथरुणात पडली आहे आणि तिच्याभोवती हुकूमशहांचं, महायुद्धाचं जग उभं राहतं. ज्यू स्थलांतरितांच्या कुटुंबातून आलेल्या कलावतीने त्या इतिहासाला दिलेला हा सर्वांत धारदार प्रतिसाद म्हणावा लागेल.

2000 च्या सुमारास बूझी अँड हॉक्स या नामांकित प्रकाशनसंस्थेने मंक यांच्या रचना छापायला घेतल्या. इतकी वर्षं अंगात राहिलेलं संगीत रेघांवर उतरवण्याचं किचकट काम सुरू झालं. क्रोनोस क्वार्टेट या तंतुवाद्य-चौकडीसाठी, वाद्यवृंदांसाठी त्यांनी नव्या रचना केल्या. या रचनांना लेखनाशिवाय गत्यंतरच नव्हतं. पण खरी परीक्षा 2019 मध्ये झाली. लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकने ‘ॲटलस’ पुन्हा उभा केला, दिग्दर्शन युवल शेरॉन यांचं. मंक रंगमंचावर नाहीत, दिग्दर्शनही त्यांचं नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं. प्रयोग केवळ छापील प्रतीच्या जोरावर उभा राहिला नाही. नव्या गायकांना जुन्यांकडून तोंडी तालीम घ्यावी लागली. केटी गायसिंगर, ॲलिसन स्निफिन अशा दीर्घकाळ सोबत असलेल्या गायिका म्हणूनच मोलाच्या ठरतात. कागदावर न आलेलं बरंच काही त्यांच्या गळ्यात आहे.

2002 मध्ये मंक यांची सहचारिणी मीके व्हान हूक यांचं निधन झालं. त्यानंतरच्या ‘इम्परमनन्स’ या रचनेत आवाज विरळ झाला, शांततेला जागा मिळाली. 2009 मध्ये त्या पुन्हा गुगनहाइमच्या त्याच गोल उतारावर गायकांचा ताफा घेऊन गेल्या, ‘ज्यूस’ला 40 वर्षं होत असताना. मान-सन्मान उशिरा आले, पण भरभरून आले: 1995 मध्ये मॅकआर्थर फेलोशिप, 2015 मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या हस्ते राष्ट्रीय कला पदक, 2025 मध्ये व्हेनिस बिएनालेच्या संगीत विभागाचा जीवनगौरवाचा सुवर्णसिंह.

दरम्यान त्यांनी जे एकटीने सुरू केलं त्याचा रीतसर व्यवसाय झाला आहे. आइसलँडची गायिका ब्यर्क हिने त्यांचं ‘गॉथम ललबाय’ मैफलीत गायलं. कुजबुज, घोगरा खर्ज, कंठसंगीताचे देशोदेशीचे प्रकार शिकून गाणारा ‘रूमफुल ऑफ टीथ’ हा आठ जणांचा संघ अमेरिकेत आहे; त्याच्यासाठी कॅरोलाइन शॉ यांनी केलेल्या रचनेला 2013 मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळालं. मंक यांचे कागद, फिती, आराखडे न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रयोगकला विभागात जमा झाले आहेत. त्यांच्या पश्चात रचना गायच्या झाल्या तर अभ्यासक तिथे जातील. गायकांना मात्र जिवंत गायकाकडेच जावं लागेल.

ज्यांनी त्यांना अजून ऐकलेलं नाही, त्यांनी सुरुवात ‘डोल्मेन म्युझिक’पासून करावी. पहिल्या बाजूला ‘गॉथम ललबाय’ आहे, पियानोवर दोन-चार स्वर आणि वर तरंगणारा एकटा गळा. तिथेच ‘द टेल’ आहे, आपल्याजवळ अजून काय काय शिल्लक आहे ते मोजत खिदळणाऱ्या म्हातारीचं गाणं. मग दुसऱ्या बाजूची जवळपास चोवीस मिनिटांची सहा गळ्यांची रचना एका बैठकीत ऐकावी. अर्थ लावत बसू नये. पहिल्यांदा ऐकताना हसू आलं तरी बंद करू नये, पुढे ऐकत राहावं.